लेण्यातलं चौथं नाव

पोलीस ठाणे इंदापूर. ता. २४ मे १९५६, सकाळी १० वाजता.

जबाब देणार सोनबा रावजी टाकळे, वय ४१ वर्षे, धंदा जाती-पाटे घडविणे व त्यांस टाकी लावणे, राहणार सणसर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. समक्ष हजर राहून सांगतो की, माझं म्हणणं मी बोलतो तसंच उतरवून घ्यावं, त्यात साखर घालू नये.

मी वरील गावी बायको ठमाबाई व दोन पोरींसह राहतो. मला लिहिता-वाचता येत न्हाय. गावातले हिंदुराव, जोतीराम आणि दत्तोबा हे तिघं बागाईतदार माझे लहानपणापासूनचे मित्र हायेत.

उसाचा हंगाम संपला तशी हिंदुरावाची मालमोटार मोकळी झाली. त्यानं तिच्यावर कळकाच्या कमानी बांधून ताडपत्री टाकली. आत पाचटावर गाद्या, पाण्याचं पिंप, स्टोव्ह, पाटा-वरवंटा, असं सगळं घरच मांडलं. मला म्हणाला, "सोन्या, जुन्नरकडची लेणी बघायला निघालोय. डोंगर कोरून साधूंनी घरं केल्यात. तू न्हाय बघायची तर कुणी बघायची?" वर म्हणाला, पाटा गुळगुळीत झालाय, वाटेत टाकी लावू, छिन्नी-हातोडी घे. मी घेतली. येडा मी.

ता. १२ ला निघालो. ता. १४ ला सकाळी आठाच्या सुमारास डोंगर चढून एका लेण्यात गेलो. आत लहान खोली, साधूला निजायला दगडाचाच ओटा. मी भिंतीवरनं हात फिरवला. आख्ख्या भिंतीत एक घाव चुकलेला न्हाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहा. लिहून घेणारे जमादार म्हणतात, याचा गुन्ह्याशी संबंध न्हाय. हाय, लिहा.

आमच्या घरात रीत हाय. जुन्या कारागिराचं काम दिसलं की आपली हत्यारं त्याच्या पायाशी ठेवायची, हळद-कुंकू लावायचं, पाणी सोडायचं, मगच उचलायची. मी हत्यारं ओट्यापाशी मांडली, हळद-कुंकू लावलं आणि पाणी आणायला खाली कुंडावर गेलो. जाताना तिघांना बजावलं, हात लावू नका.

परत येताना ठोकल्याचा आवाज आला. माझ्या हातोडीचा आवाज मला झोपेतबी कळतो. पळत वर आलो तर हिंदुराव पायताणासकट ओट्यावर उभा, हातात माझी छिन्नी. जोतीराम दात काढत होता. दत्तोबा बाजूला उभा होता. मी म्हणालो, "अरं मुडद्या, काय केलंस हे!" हिंदुराव म्हणाला, "चिडतोस कशाला? तुझंबी नाव घातलंय की. आता जग बुडंपतोर राहतंय बघ." मी छिन्नी हिसकावली आणि तोंडाला येईल ते बोललो. काय बोललो ते जमादारांनी लिहिलेलं न्हाय.

माझा आरडाओरडा ऐकून लेण्यांचा राखणदार वर धावत आला. त्याला बघून तिघं दुसऱ्या पायवाटेनं खाली पळाले. राखणदारानं भिंतीवरची चार नावं मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "यातला सोनबा कोण?" मी म्हणालो, मी. छिन्नी माझ्याच हातात होती. तेवढ्यात खाली मालमोटार सुरू झाली. हिंदुरावानं मान बाहेर काढून वर बघितलं. मी हात केला. त्यानं गाडी हाकली. राखणदारानं हत्यारं ठेवून घेतली, तक्रारीसाठी नाव-गाव लिहून मला सोडलं. एस. टी.नं ता. १६ ला घरी पोचलो.

माझ्या आधी हिंदुरावाची बातमी पोचलेली. त्यानं चावडीवर सांगितलं होतं की नावं सोनबानंच कोरली, त्याला हात आवरत न्हाय. आमच्या मारुतीच्या दीपमाळेचं जोतं माझ्या बापानं घडवलंय. वरचं काम मी पुरं करायचं ठरलं होतं, दगड निवडून ठेवले होते. पंचांनी ते काढून घेतलं. देवाच्या कामाला असला हात नको म्हणाले. असला म्हणजे कसला, हे एकानंबी सांगितलं न्हाय. जोतीराम आणि दत्तोबा तितंच बसले होते. दोघांचीबी जीभ उचलली न्हाय.

विचारल्यावरून सांगतो की, मी डावखुरा हाय. माझे घाव एका अंगाला कलतात, त्या नावांचे दुसऱ्या अंगाला कलल्यात. कुणीबी पाथरवट नेऊन दाखवा. माझा घाव बघायला लांब जायला नको, हिंदुरावाच्या घरच्या जात्यावर हाय. त्याची भाकरी त्याच पिठाची असते.

विचारल्यावरून सांगतो की, परवानगी मिळाली तरी माझं नाव मी घासून काढणार न्हाय. त्या भिंतीला आता परत कुणाची छिन्नी लागू नये. पण उद्या माझ्या पोरींची पोरं तितं जातील, शिकलेली असतील, वाचतील. आज्यानं हे पाप केलं म्हणतील. म्हणून मला हा कागद पाहिजे. मी ते केलेलं न्हाय.

जमादारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. मी दुसऱ्यांदा वाचायला लावला. सुरुवातीला त्या तिघांना मित्र लिहिलंय, तेवढा शब्द खोडा म्हणालो. जमादार म्हणाले, जबाबात खाडाखोड चालत न्हाय. मग राहू द्या तोबी. बाकी सगळं मी सांगितलं तसंच हाय आणि खरं हाय.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सोनबा रावजी टाकळे.