खरवडलेला हुद्दा

बसा, त्या पेटीवरच बसा, मोडायची नाही ती, सतरा वर्षं ट्रकमधून आणि मालगाडीतून आपटत फिरलीय माझ्याबरोबर, तुमच्या वजनाने तिला काय होतंय. घरात खुर्ची एकच आणि ती मुलीच्या अभ्यासाची. तुमच्या कामगारांच्या पत्रकासाठी विचारताय तर पहिल्यापासून सांगतो, मध्ये थांबवू नका, राग आला की माझं पुढचं मागे होतं.

गाव आमचं देवगडाकडे, पण मी वाढलो इथेच, घाटकोपरच्या डोंगरावर, जिथे आता ही सात माळ्यांची बिल्डिंग आहे तिथेच खाली आमची पत्र्याची खोली होती. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन लागले, बारा तास उभे. तिथे एकदा सोसायटीची मीटिंग झाली आणि ठराव झाला की वॉचमन म्हणणं बरं दिसत नाही, आजपासून सिक्युरिटी म्हणायचं. वडिलांना निळी टोपी दिली, छातीवर बिल्ला दिला. वडिलांनी खुर्ची मागितली होती, पाय सुजायचे त्यांचे. ती नाही दिली, का तर बसलात की झोपाल. तो बिल्ला घालून माणूस बारा तास उभाच. आणि मला म्हणायचे, झिला, वॉचमनाक सगळेच हाक मारतत, सलाम कोण करना नाय, तू युनिफॉर्म घाल तर असो घाल की समोरच्यान आधी हात उचलूक होयो.

म्हणून मी भरतीला गेलो. एकोणीस वर्षांचा होतो. धावण्यात पहिल्या पाचात आलो, छाती भरली, डोळे चांगले, पण दहावीत गणितात उडालेलो, त्यामुळे साधा शिपाई म्हणून घेईनात. टेबलावरच्या बाबूने कागद उलटा केला आणि म्हणाला, ट्रेडमध्ये ये, धोब्याच्या जागा भरल्या, न्हाव्याच्या भरल्या, सफाईवाल्याची आहे, लेना है तो ले, पीछे लाइन है. काय सांगू तुम्हाला, मागे वळून बघितलं तर खरंच लाइन होती. मी सही केली. घरी येऊन सांगितलं, फौजेत लागलो. वडिलांनी डोंगरावरच्या प्रत्येक दारात पेढा दिला. कोणी विचारलं नाही की फौजेत काय, आणि मीही सांगितलं नाही.

पलटणीत मला शिकवलं बिरजूचाचाने, हरियाणाकडचा माणूस, आजोबापासून हेच काम. पहिल्या दिवशी मी त्याला काय म्हटलं असेन? म्हटलं, चाचा, मी त्या जातीतला नाही हां, माझं फक्त गणित गेलं. चाचा हसला नाही की रागावला नाही, हातात पहार दिली आणि म्हणाला, चल, ये जात नहीं पूछता. बर्फातल्या चौकीवर संडास गोठतो, तो पहारीने फोडायचा, पोत्यात भरायचा आणि पाठीवर मारून लांब नेऊन टाकायचा. चौकीवर माणसं कमी पडली की मीच बंदूक घेऊन पहाऱ्यालाही उभा, नेमबाजीत मी पलटणीतल्या चांगल्या चांगल्यांना भारी होतो. पण सकाळी हजेरीत आवाज यायचा, सफाईवाला, आणि मग माझं नाव. मी चाचाला ते पहिल्या दिवशी का बोललो, ह्याचीच मला आज जास्त लाज वाटते, झाडूची नाही वाटत.

आता ह्या पेटीचं ऐका. प्रत्येक फौजीची अशी काळी पेटी असते, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचं असतं, नंबर, हुद्दा, नाव, खाली ट्रेड. आमच्या पेंटरने चार बोटं उंच अक्षरात लिहून ठेवलं होतं, सफाईवाला. पहिल्या सुट्टीला घरी निघालो तेव्हा कुर्ल्याला उतरायच्या आधी मी गाडीच्या दाराशी बसून ती खालची ओळ रुपयाच्या नाण्याने खरवडून काढली. सुट्टी संपवून परत गेलो की पेंटरला चहा पाजायचा, तो परत लिहायचा. पुढच्या सुट्टीला परत खरवडायचं. दहा वर्षं मी हेच केलं, लग्न झालं तरी, मुलगी झाली तरी, नाणी झिजली यार. बायकोला सांगितलं होतं, स्टोअर बघतो.

मग एक दिवस परेडवर सुभेदार साहेबांनी कागद वाचला. आजपासून सफाईवाला म्हणायचं नाही, हाऊसकीपर म्हणायचं. धोबी नाही, वॉशरमन. न्हावी नाही, हेअर ड्रेसर. हे फौजेत इज्जतीसाठी केलंय, सगळ्यांनी टाळ्या वाजवा. आम्ही वाजवल्या. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. पेंटर स्वतःहून आला, चहासुद्धा मागितला नाही, इंग्रजीत झकास लिहून गेला. बिरजूचाचा मात्र त्याच दुपारी अर्ज लिहायला माझ्याकडे बसला. त्याला लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात जायचं होतं, रोट्या भाजायला. हात फार चांगला होता त्याचा, चौकीवर दोघांपुरतं तो रांधायचा तेव्हा मी बोटं चाटायचो. दहा वर्षं मागत होता आणि लंगरचा हवालदार त्याचा अर्ज वाचायचाच नाही. म्हणाला, बेटा, अब तो मैं हाऊसकीपर हूँ, अब लिख. मी लिहिला. हवालदाराने ह्या वेळी वाचला, आणि हसून म्हणाला, नाम बदला है चाचा, हाथ थोडी बदले हैं. चाचा रिटायर होईपर्यंत त्याला पलटणीच्या तव्याला हात लावू दिला नाही. आता सांगा, ती टाळी आम्ही कशाची वाजवली होती?

त्या वर्षी मी पहिल्यांदा पेटी न खरवडता घरी आणली. वडिलांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून खालची ओळ बघितली आणि विचारलं, ह्या काय नवीन? मी म्हटलं, बाबा, ट्रेडचं नाव बदललं. ते म्हणाले, झाडू बदललो काय? म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? तर म्हणाले, अरे मेल्या, काळ्यावरचा पांढरा खरवडलंस तर त्याचो घाव दिसता, धा वर्सां मी ह्या पेटीर बसान चाय पितंय, माका वाचूक येना नाय काय? दहा वर्षं त्या माणसाला माहीत होतं आणि डोंगरावर तो सांगत होता, माझा झिल फौजेत आसा. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, तू लपवत होतस, म्हणान मीव लपवलंय. आणि मग बिल्ला काढून पेटीवर ठेवला आणि म्हणाले, माका पण नाव बदलून दिल्यानी हा, खुर्ची खंय आसा?

वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले, खुर्ची न मिळता गेले.

मी रिटायर झालो तेव्हा नाईक होतो, दंडावर दोन फिती, सतरा वर्षांत एक लाल शेरा नाही. मुलगी शाळेत, बायकोला दमा, पेन्शनीत भागत नाही, म्हणून अंधेरीला एका सिक्युरिटी एजन्सीत गेलो. जाहिरातीत होतं, गार्डांवर सुपरवायझर पाहिजे, माजी सैनिकांना प्राधान्य. मला एवढंच हवं होतं हो, वडील ज्या गेटवर उभे राहून गेले तशा गेटवर मी सुपरवायझर म्हणून जावं आणि पहिल्या दिवशी तिथल्या गार्डाला खुर्ची द्यावी. लॅपटॉपवाल्या साहेबाने माझं डिस्चार्जचं पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली आणि खूश झाला. म्हणाला, सर, हाऊसकीपर, मस्त, हाऊसकीपिंगमध्येच सुपरवायझर हवाय आम्हाला. मी म्हटलं, मी गार्डचं विचारायला आलोय, मी बर्फात बंदूक घेऊन पहारा दिलाय. तो म्हणाला, हो सर, रिस्पेक्ट, पण सिस्टीममध्ये ट्रेड टाकला की तोच फोल्डर उघडतो. त्याच्या फोल्डरची वाट लागो. पण मी सही केली. ह्या वेळी मागे लाइन आहे का, ते वळूनसुद्धा बघितलं नाही.

गेली चार वर्षं मी अंधेरीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये आहे. माझ्या हाताखाली अकरा बायका. मला फौजी म्हणतात. संडासाला जे ॲसिड वापरायला देतात त्याने हाताची सालं निघतात, मंगल म्हणून आहे, तिच्या तर बोटांचे ठसेच गेलेत, रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. हातमोजे मागून मागून माझी वही भरली. बजेट नाही, बघतो, पाठवतो. फौजेला मी शिव्या देतो, पण फौजेने मला पहिल्या दिवशी हातमोजे दिले होते, रबरी, कोपरापर्यंत.

आता मागच्या महिन्यातलं. एचआरच्या मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा दिला. म्हणाल्या, फौजी, आपण सगळ्यांचं डेजिग्नेशन बदलतोय, क्लीनर नाही, हायजीन असोसिएट, नवीन टी-शर्ट, केक, छोटा कार्यक्रम. तुम्ही माइकवर दोन शब्द बोला, फौजेतसुद्धा असंच झालं होतं ना, तेव्हा किती सन्मान वाटला ते सांगा. आणि जाता जाता म्हणाल्या, गार्डच्या सुपरवायझरची जागा होतेय पुढच्या महिन्यात, तुमचं नाव मीच घातलंय.

बघा, म्हणजे सगळं समोर ठेवलं होतं. दोन गोड शब्द बोलायचे आणि जे हवं होतं ते घ्यायचं. घरी आलो, ह्याच पेटीवर बसलो, बायको म्हणाली, बोला ना, शब्दाला काय झिजतं? ती चुकीचं नाही बोलली. मी ठरवलं होतं, बोलायचं. खरंच ठरवलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी फिकट हिरवे टी-शर्ट घालून सगळ्या रांगेत उभ्या. मंगल माझ्या कानाशी म्हणाली, काय फौजी, असोसिएट झाल्यावर ॲसिड आपल्याला ओळखणार नाय का? बाकीच्या फिसफिस हसल्या. मला हसायला आलं नाही. माझ्या डोळ्यापुढे लंगरचा हवालदार आला. माइक हातात दिला तेव्हा मी म्हटलं, मॅडमनी मला सन्मानाचं बोलायला सांगितलंय, तर बोलतो. माझ्या वडिलांचं नाव सोसायटीने बदललं, ते खुर्ची मागत होते. बिरजूचाचाचं नाव पलटणीने बदललं, तो रोट्या भाजायला मागत होता. आज ह्या बायकांचं नाव बदलतंय आणि त्या आठ महिने हातमोजे मागतायत. जो जे मागेल ते द्यायचं नाही आणि जे मागितलं नाही ते टाळ्या वाजवून द्यायचं, ह्याला सन्मान म्हणत नाहीत. मंगल, हात दाखव. तिने दाखवले. मग एकेकीने दाखवले, अकरा जणींचे बावीस हात, नवीन टी-शर्टाच्या बाह्यांतून बाहेर. केक तसाच राहिला. मॅडम माइक घ्यायला आल्या तेव्हा त्यांच्याकडेच बघून म्हटलं, हे टी-शर्ट उद्यापासून नाहीत, परत घालू हातमोजे आले की.

चौथ्या दिवशी खोका आला. मापाचे नाहीत, पुरुषांचे आहेत, मंगलच्या हातात बोटांची टोकं रिकामी राहतात, ती म्हणते, फौजी, ह्यात तुझा पण हात घाल. पण आले. गार्डची जागा दुसऱ्या एका माजी सैनिकाला गेली, बंदुकवाला शिपाई होता तो, चांगला माणूस आहे, सलामाला माझ्याआधी हात उचलतो. त्याला मी एकच सांगितलं, गेटवर खुर्ची ठेव. अजून ठेवलेली नाही, सांगतो म्हणालाय वरती. आणि माझी बदली मालाडच्या साइटवर, सोमवारपासून, तिथे मी सुपरवायझर नाही, नुसताच असोसिएट. बायको आठवडाभर बोलली नाही, कालपासून बोलते. चूक झाली असं मला वाटत नाही, पण रात्री जाग येते तेव्हा मालाडचा विचार येतो, नाही असं नाही.

आता उठा जरा. उठा, मी पेटी उजेडाकडे फिरवतो. वाचा. नंबर, नाईक, नाव. आणि खाली हाऊसकीपर होतं तिथे काय आहे? सफाईवाला. मराठीत, माझ्या हाताने, परवाच लिहिलं, अजून रंगाचा वास येतोय. मुलगी म्हणाली, बाबा, घरी लोक येतात. म्हटलं, येऊ देत, बसू देत, ज्याला वाचायचंय तो वाचेल. सरकारने मला चांगलं नाव द्यावं, मी नाही म्हणत नाही, पण ज्या दिवशी चाचासारख्याला तव्याला हात लावू देतील त्या दिवशी मी हे स्वतः खरवडीन, नाणं ठेवलंय मी जपून.

तुमच्या पत्रकात हे छापा, माझं नाव घालायचं तर घाला, नाहीतर राहू द्या. पण हुद्दा घालाल तर हा घाला, पेटीवरचा, खालच्या ओळीतला. चहा संपवा. तुमचे हात शाबूत राहोत, बाबा, एवढंच.