समोरची बाजू व्हेल्माची

मी मूळची मिरजेची, मालन माझं नाव. थोरला भाऊ नॉटिंगहॅमला कारखान्यात होता, त्यानं नर्सिंग कॉलेजला बोलावून घेतलं, आणि एकोणिसाव्या वर्षी मी इथं येऊन पडले, तर वर्गात बाहेरून आलेल्या आम्ही चौघीच, मी आणि तिघी वेस्ट इंडीजच्या, जॉयस नि पर्ल जमैकाच्या, व्हेल्मा बार्बाडोसची. आता तुम्ही म्हणाल, मिरजेच्या पोरीचं त्यांच्याशी जमलं कसं? अहो, बेडमुळं जमलं!

म्हणजे बघा, पेशंटचा बेड एकटीनं करायचा नाही, दोघींनी करायचा, एक या बाजूला, एक समोर, चादर ताणायची, कोपरे दुमडायचे, आणि शिकण्याची तिन्ही वर्षं माझ्या समोर व्हेल्माच, मालनची मॅल तिनंच केली. चादर झटकता झटकता ती आईच्या हातच्या तळलेल्या माशांचं सांगायची, मी आमच्या भडंगाचं, दोघींच्या तोंडाला पाणी, तेवढ्यात शिकवणारी सिस्टर यायची, कोपरा जरा वाकडा दिसला की आख्खी चादर ओढून खाली टाकायची, अगेन म्हणायची. काय सांगू तुम्हाला, रडू यायचं!

मग लग्नं झाली, पोरं झाली, माझे हे गेले, व्हेल्मा लेकीकडे ब्रिस्टलला राहायला गेली, पण दर उन्हाळ्यात चौघी माझ्या घरी, आणि जेवणं झाली की वरच्या खोलीत बेडची शर्यत, एका बेडवर जॉयस नि पर्ल, दुसऱ्यावर आम्ही, सत्तरी उलटली तरी! नातवंडं खो खो हसतात. हसू देत.

मागच्या वर्षी व्हेल्माला स्ट्रोक आला, डावा हात लुळा पडला, चालायला काठी आली. यंदा फोनवर म्हणते, मी नाही येत मॅल, माझी बाजू कोण करणार, तू दुसरी पार्टनर बघ. अस्सा राग आला मला! दुसरी बघ म्हणे, ती काय भाजी आहे, मेथी नाही तर पालक? सरळ ट्रेन पकडली, ब्रिस्टलला तिच्या दारात जाऊन उभी राहिले, म्हटलं ऊठ, कोट घाल. लेक म्हणाली, आंटी, मम्मी हट्टी आहे. म्हटलं, आणि मी मिरजेची आहे.

तर परवा शनिवारी चौघी जमलो, आणि जॉयस म्हणाली, यंदा शर्यत राहू दे. व्हेल्मानं काठी भिंतीला लावली आणि बेडच्या पलीकडे, तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी चादर उडवली, तिनं एका हातानं झेलली, गुडघ्यानं कोपरा दाबला, मी मुद्दाम हळू करायला लागले तर ओरडली, मॅल, लवकर कर! हरलो हो, जॉयस-पर्ल कधीच टाळ्या पिटत बसल्या होत्या. तिचा कोपरा बघितला, पार चोळामोळा. म्हटलं, छान झालाय गं.

तिनं माझ्याकडे बघितलं, चांगल्या हातानं चादर धरली आणि आख्खी ओढून खाली टाकली. अगेन!

हसून हसून पोट दुखलं, डोळ्यांतून पाणी. पुन्हा केला, पुन्हा वाकडा, पुन्हा चादर ओढली. चहा गार झाला, कुणाला त्याचं भान!

आता ती महिनाभर इथंच आहे, रोज सकाळी आम्ही दोघी बेड करतो, नि कोपरा अजून वाकडाच येतो. देवाकडे एवढंच मागते, समोर ही असू दे. तुमच्याही समोर कुणी असू दे हो. चला, वरून हाक आली, चादर घेऊन ये म्हणतेय.