फळ्याची वरची ओळ

उशीच्या खोळी शिवून होईपर्यंत निवृत्त गुरुजी शिवणवालीच्या दुकानात बाकावर बसले होते. मशीनपाशी एक तरुण शिक्षिका उभी होती.

"बाही मनगटापर्यंतच हवी, मावशी. धार्मिक शाळा आहे, तिथे नियम आहे."

"मागच्या महिन्यात तशीच तर शिवली होती!"

"फळ्यावर लिहायला हात उचलला की कोपरापर्यंत घसरते. मोठ्या बाईंनी दोनदा टोकलं."

"मग हात खाली ठेवून लिहायचं."

"महिनाभर तेच करतेय. वरचा अर्धा फळा कोराच राहतो, आणि खालचं दिसत नाही म्हणून मागच्या मुली शेजारणीच्या वहीत डोकावतात."

"मोठ्या बाईंना सांगा, नियम जरा सैल करा म्हणावं."

"का म्हणून? नियम मला मान्य आहे. मलाही अंगभर कपड्यातच बरं वाटतं. पण अर्धा फळा मी सोडणार नाही."

"म्हणजे दोन्ही हवं!"

"दोन्ही हवं. आणि उद्या हवं."

"अहो बाई, मला हात दोनच आहेत!"

"तुम्ही माप घेतलंत तेव्हा मी हात खाली सोडून उभी होते. वर्गात मी तशी कधी उभी असते का?"

मशीन थांबलं.

"खरंच की. चुकलंच माझं. या इकडे भिंतीपाशी. हा घ्या माझा खडू."

"भिंतीवर लिहू?"

"लिहा. अगदी वरच्या ओळीत."

तिचा हात वर गेला, भिंतीवर अक्षरं उमटू लागली. शिवणवालीने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप ताणली.

"काखेत जादा कापड घालते. आता बघू कशी घसरते!"

गुरुजी उठले आणि दुकानाच्या पार दारापाशी जाऊन उभे राहिले.

"इथून दिसतंय, बाई," ते म्हणाले. "पुढचं लिहा."