गल्लीच्या नळाची घंटी

सांगते, ऐका. मी ज्वारी निवडत होते, तेव्हा नांदेडच्या दवाखान्यातून निरोप आला की हे गेले, संध्याकाळी त्यांना लातूरला आणतील. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, नळ मात्र कोरडे. ह्यांनी भंगारातून गल्लीच्या नळाखाली डबा लावला होता. पाणी आलं की त्यातलं बूच तरंगायचं, तारा जुळायच्या, घंटी वाजायची.

"नळाला घंटी? महादेवाचं देऊळ हाय का, मास्तर?" असं म्हणत शेजारच्या काकू ह्यांना हसायच्या.

त्या दिवशी काकू माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. घंटी वाजली. सगळ्या बायका घागरी आणायला पळाल्या. मीही उठले, तर काकू म्हणाल्या, "तू बस गं. सुतक हाय तुला, नळाला शिवू नको."

सगळ्यांनी आपापलं पाणी भरलं. ह्यांच्या शेवटच्या आंघोळीचं भरायचं राहिलं.