अठरा भोंगे

ड्वेन : अठरा भोंगे वाजले हे मला मान्य आहे, कोच. पण अठरावा वाजला तेव्हा मैदानावरचे दिवे लागून तास होत आला होता.

व्हर्लिन : नोव्हेंबर आहे. नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो. जन्म नेब्रास्कात गेला तुझा, कुणी सांगितलं नाही?

ड्वेन : साडेतीनला सुरुवात केली आपण. पाच-पाच मिनिटांनी एक, असे अठरा भोंगे म्हणजे दीड तास. पाचला पोरं आत यायला हवी होती. काल सहा वाजून दहा मिनिटांनी आली.

व्हर्लिन : घड्याळात दीडच तास झाले होते.

ड्वेन : घड्याळ तुम्ही थांबवत होता ना!

व्हर्लिन : चूक झाली की थांबवतो. एक पोरगा चुकला की घड्याळ बंद. सगळ्यांनी त्या टोकाच्या खांबाला शिवून यायचं, मग घड्याळ सुरू. तू माझ्याकडे खेळायचास तेव्हाही हेच होतं. तेव्हा कधी तोंड उघडलं नाहीस.

ड्वेन : तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो.

व्हर्लिन : आणि आजच्यापेक्षा शहाणा होतास. सूर्यफुलाच्या बिया घे. नको? बरं. तो पेला सरकव इकडे, सालं थुंकायला. हं, बोल. बुधवारी दुपारी तीन वाजता माझं डोकं खायला आलायस म्हणजे काहीतरी ठरवून आलायस.

ड्वेन : तुमच्या पाठीमागे तो तक्ता लटकतोय. तुमच्याच अक्षरातला. ऑगस्ट अडीच तास, सप्टेंबर दोन, ऑक्टोबर दीड, नोव्हेंबर एक. हंगाम पुढे सरकेल तसा सराव कमी करायचा, पोरांचे पाय शेवटच्या सामन्यांसाठी राखायचे. गेल्या वर्षी फुटबॉल कोचांच्या मेळाव्यात तुम्ही याच्यावर भाषण केलंत.

व्हर्लिन : टाळ्या पडल्या होत्या. तूही वाजवल्यास.

ड्वेन : प्रिन्सिपल तो तक्ता पालकांना दाखवतात. आणि आपण काय करतोय? तक्त्यावर एक तास, कागदावर दीड आणि मैदानावर दोन तास चाळीस मिनिटं. ऑगस्टपेक्षा जास्त, कोच!

व्हर्लिन : तीन आठवड्यांपूर्वी सीडर बेंडनं आपल्याला बत्तीस-सहा असं लोळवलं. त्या दिवशी तो तक्ता मेला. फक्त भिंतीवरून काढायचा राहिलाय.

ड्वेन : शुक्रवारी पुन्हा सीडर बेंडच समोर आहे. हरलो तर हंगाम संपला. म्हणून तर म्हणतोय, पोरांना ताजं ठेवा. दोन दिवस उरलेत. आज एक तास घेऊ, उद्या नुसतं हेल्मेट घालून चालवू, खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल खाऊ घालून घरी पाठवू.

व्हर्लिन : आणि अंगाई कोण म्हणणार? तू?

ड्वेन : चेष्टा नको. व्हेसेलीचा धाकटा वर्गात बसल्या बसल्या झोपतो. जेन्सनची पोटरी रोज आखडते. चाळीसच्या चाळीस पोरं मोडून पडलीत.

व्हर्लिन : चाळीस. बरं. काल घड्याळ किती वेळा थांबलं?

ड्वेन : मोजलं नाही मी.

व्हर्लिन : मी मोजलं. चौदा वेळा. त्यातलं किती वेळा एकाच पोरामुळे थांबलं? सांग ना.

ड्वेन : ते सोडा, कोच.

व्हर्लिन : नऊ. आणि तो व्हेसेलीचा नाही, जेन्सनचाही नाही. एमिल सोबोत्का. तुझा एमिल. त्यानं वाट मोकळी करायची, मग मागच्यानं बॉल घेऊन पळायचं. मागचा त्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. नऊ वेळा. त्याच्यापायी चाळीस पोरं नऊदा खांबाला शिवून आली.

ड्वेन : तो मुद्दाम नाही करत.

व्हर्लिन : मुद्दाम करत असता तर बरं झालं असतं, एक मुस्काटात दिली असती. काल सराव संपल्यावर त्याच्या हेल्मेटात काय होतं, सांगितलं का तुला घरी?

ड्वेन : काय होतं?

व्हर्लिन : मुतलं होतं कुणीतरी. एकट्यानं नसावं, बरंच होतं म्हणे.

ड्वेन : तुम्हाला... तुम्ही पाहिलंत? आणि काही बोलला नाहीत?

व्हर्लिन : मी कशाला बोलू? घड्याळाचा हाच तर फायदा आहे. मला ओरडावं लागत नाही, पोरंच एकमेकांना सरळ करतात. या वयात घसा जपावा माणसानं.

ड्वेन : रात्री तो मोरीत हेल्मेट घासत होता. मी विचारलं तर म्हणाला, चिखल आहे.

व्हर्लिन : बघ, चहाडी केली नाही. पोरगं चांगलं आहे. हळू आहे, एवढंच.

ड्वेन : हळू नाही तो! दुखतंय त्याला.

व्हर्लिन : असं? कुठे?

ड्वेन : ...पाय. सगळ्यांचेच दुखतात या दिवसांत.

व्हर्लिन : तेच म्हणतो. सगळ्यांचेच दुखतात. कुणी लिहूनबिहून दिलंय का त्याचं? दिलं असेल तर गोष्ट वेगळी. नियम म्हणजे नियम. कागद आला की पोरगा बाहेर, मी हूं की चूं करणार नाही.

ड्वेन : नाही. कागद नाही.

व्हर्लिन : नाही ना? मग झालं. आता माझं ऐक. सोमवारी शाळेच्या बोर्डाची बैठक आहे. माझ्यानंतर कोण, ते विचारणार आहेत मला. दोन नावं आहेत. एक तुझं आणि एक त्या पश्चिमेकडच्या पोराचं, बत्तीस वर्षांचा आहे, सगळे दात शाबूत.

ड्वेन : एकोणीस वर्षं झाली मला, कोच. तुमची बस मी चालवली. सीडर बेंडच्या सामन्यांच्या फिती रविवारी चर्च बुडवून मी पाहिल्या. थँक्सगिव्हिंगला टर्की कापायची सोडून तुमच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या. मला ते पद हवंय. या वयात असं तोंड वेंगाडून मागायची लाज वाटते, पण हवंय.

व्हर्लिन : ठाऊक आहे. म्हणून आज सराव तू घे. हा रिमोट. घड्याळ तुझ्या हातात, भोंगा तुझ्या हातात.

ड्वेन : किती वेळ घेऊ?

व्हर्लिन : तुझी मर्जी. एक तास हवा तर एक तास घे. फक्त त्याआधी मी पोरांना गोळा करून दोन शब्द बोलेन. म्हणेन, पोरांनो, एमिलचे पाय दुखतात, म्हणून त्याच्या बापानं सराव आखडता घेतलाय. आभार माना त्याचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मग लॉकररूममध्ये ते कसे आभार मानतात ते आपण बघू.

ड्वेन : असं नका करू.

व्हर्लिन : मग नको करायला लावू.

ड्वेन : बरं. अठरा भोंगे घेतो. पूर्ण दीड तास. पण घड्याळ एकदाही थांबवणार नाही. पाचला सगळे आत. हे तरी चालेल?

व्हर्लिन : आणि एमिल उशिरा पोचला की तू आभाळाकडे बघणार? तीन आठवडे जेन्सन चुकला, थांबलं. व्हेसेली चुकला, थांबलं. आज सोबोत्का चुकला आणि सोबोत्कानं नाही थांबवलं! पोरं आंधळी नाहीत, राजा. बाकी, तू बोलताना मघापासून तो उजवा हात सारखा कोटाच्या खिशात का जातोय?

ड्वेन : थंडी आहे.

व्हर्लिन : डाव्या हाताला नाही वाटतं?

ड्वेन : कोच—

व्हर्लिन : मार्लिसनं सोमवारी मला फोन केला होता. चार शाळांची दुखणीखुपणी एकटी बघते बिचारी, सोमवारी आणि शुक्रवारीच येते इथे, पण वही चोख ठेवते. म्हणाली, एमिलच्या नडगीच्या हाडाला तडा गेलेला वाटतोय. एक्स-रे निघेपर्यंत एक पाऊल पळू द्यायचं नाही. म्हणाली, तुम्ही जागेवर नव्हता म्हणून कागद ड्वेनच्या हातात दिलाय, वहीत त्याची सही घेतलीय. मी म्हटलं, अगदी योग्य केलंस, ड्वेन आणून देईल मला.

ड्वेन : तुम्हाला सोमवारपासून ठाऊक आहे?

व्हर्लिन : मला काही ठाऊक नाही. मला कागद मिळालेला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला, आज बुधवार. टेबल मोकळं ठेवून वाट बघत बसलोय.

ड्वेन : आणि काल तुम्ही चौदा वेळा पळवलंत त्याला! तडकलेल्या हाडावर!

व्हर्लिन : मी? मी चाळीस पोरं पळवली. त्यातल्या एकाचं हाड तडकलंय हे मैदानावर फक्त एका माणसाला माहीत होतं, ज्यानं सही केली त्याला. तो बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. 'चल एमिल, उचल पाय!' आवाज ओळखीचा वाटला मला.

ड्वेन : वाटलं होतं, तुम्ही तक्त्याप्रमाणे सराव कमी कराल. तेवढ्यावर निभेल. शुक्रवारपर्यंत निभेल, मग शनिवारी नेईन त्याला डॉक्टरकडे. आईशपथ नेणार होतो. ट्रूडीलाही नाही सांगितलं मी. बायकोपासून कागद लपवला, कोच, कधी नव्हे ते.

व्हर्लिन : तेच तर आवडलं मला.

ड्वेन : काय आवडलं?

व्हर्लिन : असं बघ. कागद आत्ता टेबलावर ठेव. एमिल बाहेर बसेल, त्याच्या जागी तो नववीतला गोळा उभा करू, शुक्रवारी हरू. सोमवारी बोर्डाला सांगेन की ड्वेन सोबोत्का फार चांगला बाप आहे. एक शब्दही खोटा नाही बोलणार.

ड्वेन : आणि नाही ठेवला तर?

व्हर्लिन : तर जागा तुझी. पश्चिमेकडच्या त्या पोराला मी विचारलं होतं, तुझ्यासमोर असा कागद आला तर काय करशील? म्हणाला, लगेच देईन. काय उपयोगाचा असा माणूस? ...दार वाजतंय. ये रे आत! कोण आहे?

एमिल : मी आहे, कोच. डॅड इथे आहे का? मार्लिस नाही आज, पट्टी बांधायला कुणी नाही.

व्हर्लिन : आहे की. ये, बस. आज सराव तुझा डॅड घेणार आहे, कळलं का?

एमिल : खरंच? मस्त! डॅड, ही नडगी बांधून दे ना. घट्ट बांध, कालची सैल झाली होती.

(ड्वेन गुडघ्यावर बसून एमिलच्या पायाला पट्टी गुंडाळू लागतो.)

ड्वेन : दुखलं तर सांग.

एमिल : स्स... नाही. बांध तू. डॅड, मार्लिसचा मेसेज आलाय. विचारते, एक्स-रे काढला का. म्हणते, डॅडकडे कागद दिलाय.

व्हर्लिन : कागद? कुठला कागद रे, ड्वेन?

(ड्वेन पट्टीचा आणखी एक वेढा ओढतो.)

व्हर्लिन : अरे, पोरगा विचारतोय. सांग त्याला.

ड्वेन : आजच्या सरावाचा. वेळापत्रक आहे.

एमिल : नाही, ती म्हणत होती माझ्या—

ड्वेन : वेळापत्रक आहे, एमिल.

व्हर्लिन : मग दाखव की वाचून. किती वेळ आहे आज?

ड्वेन : अठरा भोंगे.

एमिल : अठरा? काल जेवताना तू म्हणालास, आजपासून एक तास. तू म्हणालास, तू बोलणार आहेस कोचशी.

ड्वेन : बोललो.

एमिल : डॅड, पण—

ड्वेन : सरावाला डॅड नाही म्हणायचं.

एमिल : बरं. ...घड्याळ थांबणार का आज?

व्हर्लिन : मला नको विचारू बाबा. रिमोट त्याच्याकडे आहे.

ड्वेन : कुणी चुकलं तर थांबेल.

एमिल : म्हणजे माझ्यामुळेच थांबेल. मला जमत नाहीये, मी उचलतो पाय, पण तो वेळेवर पडतच नाही. एक विचारू? अजून वीस मिनिटं आहेत सुरू व्हायला. काल माझ्यामुळे नऊदा थांबलं. तर मी आत्ताच जातो आणि नऊदा खांबाला शिवून येतो, एकटाच. आधीच फेडून टाकतो. मग मी चुकलो तरी बाकीच्यांना पळावं लागणार नाही. असं चालेल?

व्हर्लिन : हे मला चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. काय ड्वेन? हेड कोच तू आहेस आज. चालेल?

एमिल : प्लीज. ते माझ्याशी बोलत नाहीत कुणी. नऊदा पळतो. मला काही होत नाही.

ड्वेन : ...दहादा पळ. एखादी चूक जास्तच होते.

एमिल : थँक यू, कोच.