राहुकाळ संपला आणि फ्यूज उडाला

...आणि वर मलाच विचारतात, "डेय् कौशिक, चार्जर तूच लावला होतास ना?" आता तुम्हीच सांगा! अहो, साडेसहाला माझी डिलिव्हरीची शिफ्ट, स्कूटरची बॅटरी चार टक्के, आणि आज पोचलो नाही तर ॲपवरून कायमचं नाव कट! कॉलेज सोडलं तेव्हा "आता करणार काय?" म्हणून ओरडणारी हीच म्हातारी मंडळी... करतोय, तर करू देतायत कुठे?

तुम्हाला सांगतो, मी तिसरीत होतो तेव्हा आमच्या वेलचेरीत रोज दोन तास वीज जायची, ठरलेल्या वेळेला, आणि वीज गेली की माणसं यायची! गच्चीवर चटया, गोदामामींची तांदळाच्या पिठाची कुरकुरीत तट्टै, बालाजीराव काका पेपराने वारा घेत सरकारला शिव्या घालतायत, आम्ही पोरं टाकीमागे लपलोय... घाई म्हणून कोणाला नाही!

आता हेच काका सोसायटीचे सेक्रेटरी. "आपली बिल्डिंग फुल इलेक्ट्रिक!" गॅस काढला, इंडक्शन आणलं, खाली तीन मोटारी चार्जिंगला. आणि मेन केबल? ती पंखे-ट्यूबलाइटच्या काळातली! "बदला ना काका." "मीटिंगमध्ये घेऊ रे कण्णा, बाळा." सहा मीटिंगा झाल्या, घेतली फक्त कॉफी!

तर आज रविवार, साडेचार ते सहा राहुकाळ. अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी नवं बटण दाबत नाही, लाइन मोकळी, म्हणून मी पावणेपाचला गपचूप प्लग लावला... काकांनी येऊन उपटला! "राहुकाळात सुरू केलेलं काम तडीस जातं का रे? सहाला लाव." लावला सहाला. पण सगळ्यांनीच लावलं की हो! एकाच मिनिटाला तीन मोटारी, अठरा इंडक्शन, एसी, गीझर... फट्! सगळं बंद!

वीज गेली आणि माणसं आली! लिफ्ट बंद, जिन्याने धापा टाकत, थेट माझ्यासमोर. काकांची मोटार हत्तीसारखी वीज पिते, पण बोट कुठे? माझ्या स्कूटरकडे! "लाइनमन दोन तासांनी येतो म्हणतोय." दोन तास! तेच जुने दोन तास... मी भांडायला तोंड उघडलं, तर गोदामामींनी त्यात तट्टै कोंबली, पार्किंगमध्येच चटई अंथरली, काका पेपराने वारा घेत सरकारवर घसरले... वीज गेली की माणसं यायची, तश्शीच!

साडेसहाला खिशात फोन थरथरला. नाव कट.

काका चटईवर जरा सरकले. "बस रे कण्णा, आता तुला तरी कुठे जायचंय?"

बसलो.