भुजंगअण्णांची वाळूची पिशवी

मंडळी, टाळ जरा मांडीवर घ्या, मृदंगाला विसावा द्या आणि मला एक सांगा. सेवा कशाला म्हणायचं? म्हाताऱ्या बापाच्या हातातलं ओझं काढून घ्यायचं, ही सेवा? का ते त्याच्या हातात राहू द्यायचं? नुसत्या माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही सुचत ना? मग ऐका.

निरेकाठच्या एका गावात भुजंगअण्णा म्हणून विणेकरी होते. हरिनामाचा सप्ता बसला की वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे तुम्हाला मी काय सांगू! वीणा घेऊन उभं राहायचा पहाटेचा पहारा अण्णांचा, तरणेपणापासून. पण सत्तरी ओलांडली आणि अंगावरचं मांस झडायला लागलं. दंड सुकले, मांड्या वाळल्या. एका सप्त्यात उभ्याउभ्या पाय लटपटले, शेजाऱ्यानं वीणा धरली म्हणून वाचली. अण्णा खांबाला धरून रडले हो!

मुलगा विश्वंभर भला माणूस. बापाला घेऊन तालुक्याला देवकाते डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी रक्त तपासलं, किडनी ठीक आहे ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, वयानं स्नायू झिजतात, पण कामाला लावले तर पुन्हा धरतात. रोज झेपेल तेवढं वजन उचला, हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा. आणि जोडीला क्रिएटिनची पावडर. अण्णा दचकले. आरशापुढं दंड फुगवणारी पोरं खातात, ती? हात लगेच गळ्यातल्या माळेकडं गेला! बाई हसल्या. म्हणाल्या, मांस-मासे खाणाऱ्याला हे थोडं ताटातून मिळतं, तुम्हा माळकऱ्यांना तेही नाही. ही कारखान्यात बनते, प्राण्याचा संबंध नाही, निर्धास्त घ्या. पण निघताना विश्वंभराला थांबवून बजावलं, "पावडर नुसती जोडीला आहे. खरं काम वजनाचं. ते बंद पडलं, तर हिच्या भरवशावर राहू नका."

अण्णांनी जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या, निरेची वाळू भरली. ओट्यावर बसून नाम घेत उचलायचे. दिवाळीपर्यंत आंघोळीची बादली स्वतः न्यायला लागले. पुढच्या सप्त्यात माझा पहारा मीच करणार, म्हणून गावभर सांगत सुटले.

आणि लेक आली माहेरी! इंदूनं पाहिलं, बाप घामाघूम, हातात वाळू. तिनं ओट्यावरच गळा काढला. दादा, बाप काय हमाल आहे आपला? आळीतल्या बायका गोळा झाल्या. काय आपण लोक! म्हातारा खाटेवर वाळून गेला तर म्हणतो वय झालं, आणि घाम गाळताना दिसला तर म्हणतो पोरगं राबवून घेतंय. विश्वंभराला ते फार लागलं. त्यानं वाळू तुळशीच्या बुडाशी ओतली, बादली काढून घेतली. पाण्याचा तांब्यासुद्धा उशाशी आला. अण्णा नको नको म्हणत होते, पण ऐकतो कोण? पावडर मात्र चुकली नाही हं! रोज सकाळी पाण्यात कालवून, तीर्थासारखी बापाच्या हातात. आपण सगळं करतोय, असंच त्याला वाटत होतं.

सप्ता आला. तोवर अण्णांना उठवायला दोन माणसं लागत होती. काल्याच्या दिवशी घरचे सगळे देवळात गेले. तुम्ही पडून ऐका, कर्ण्यावर येतंय सगळं, असं सांगून गेले. अण्णा ऐकत पडले. मग वीणा आठवली, का नुसतं मोरीवर जायचं होतं, देव जाणे. उठायला गेले आणि कोसळले. जमिनीवरून उठायला मांडीत बळ लागतं. ते आणायचं कुठून? हाका मारल्या. तिकडं कर्ण्यावर नामाचा गजर टिपेला पोचलेला! मंडळी, देवाच्या नावाखाली एका म्हाताऱ्याची हाक बुडाली. काल्याचा प्रसाद घेऊन घरचे परतले, तेव्हा अण्णा उंबऱ्याजवळ पडले होते. खुबा मोडला होता.

ऑपरेशन झालं, पण उभं राहायला अंगात काही उरलंच नव्हतं. एके दिवशी म्हणाले, माझी वाळूची पिशवी आण रे. विश्वंभर धावत नदीवर गेला. पिशवी भरून आणली, बापाच्या हाताशी ठेवली. अण्णांची बोटं तिच्यावर आवळली. पिशवी हलली नाही.

विश्वंभर म्हणाला, "मी उचलू का, अण्णा?"

अण्णा म्हणाले, "तेच तर करत आलास, बाळा."

त्यानंतर अण्णा फार दिवस राहिले नाहीत.

विश्वंभर दुष्ट होता? नाही. लबाड होता? नाही. बापावर जीव होता त्याचा, आणि त्या जिवापायीच त्यानं बापाचे पाय काढून घेतले! ह्या मांडवात असे किती विश्वंभर बसलेत? आईच्या हातातली कळशी ओढून घेणारे, बापाला खुर्चीवरून हलू न देणारे? पावडर द्यायची का नाही, ते डॉक्टरांना विचारा. पण घरी म्हातारं माणूस काही उचलायला गेलं, तर तुमचा हात आधी मागं घ्या.

आता आरती. सगळे उठतील. शेजारी कुणी म्हातारं बसलं असेल, तर तुमचा हात आपसूक त्यांच्या काखेत जाईल. थांबवा तो! जवळ उभे राहा, पडू देऊ नका, पण उठायचं ते त्यांना उठू द्या. वेळ लागला तर लागू दे. निरांजन माझ्या हातात आहे, आणि शेवटचा म्हातारा उभा राहिल्याशिवाय मी आरती सुरू करणार नाही.